सातव्या दिवसाचा खलबत्ता

आमच्या मर्वानचा सातव्या दिवसाचा समारंभ एकतिसाव्या दिवशी झाला. मधले एकवीस दिवस तो मन्सूरा शहरातल्या इस्पितळात होता. जंतूंनी मेंदूचं आवरण सुजलं होतं, शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. सिझेरियनचे टाके पिकल्यामुळे मी घरी, त्याच्यापाशी सासूबाई.

आज त्यांनी आमच्या रीतीप्रमाणे चाळणीत निजवलेल्या मर्वानच्या कानाशी पितळी खलबत्ता वाजवायला घेतला. "आईच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस! बापाला भीक घालू नकोस!" बायका हसल्या.

रीत चार ठोक्यांची. या थांबेचनात. उलट खलबत्ता आणखी जवळ नेला.

"पुरे ना, आई! आत्ताच दुखण्यातून उठलाय. दचकेल."

"तू गप बस."

शेजारची हिकमत म्हणाली, "काय धीट पोरगा! पापणीसुद्धा हलत नाही."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी बत्ता दोन्ही हातांनी असा हाणला की मर्वान दचकून उडाला आणि त्याने टाहो फोडला.

मी धावले. "रडवलंत ना शेवटी!"

सासूबाई तिथेच फतकल मारून बसल्या. डोळ्यांना धार लागलेली. "डॉक्टर म्हणाले होते, या दुखण्यात कान जाऊ शकतात. तुला सांगायची माझी छाती झाली नाही, पोरी. रडू दे त्याला."