अंगावरची हळद

ग्यानोबाने ओट्यावर उभं राहून सदरा झटकला, तशी हळद उडाली. सोजराबाईने नाकाला पदर लावला.

"कान तर पाहा तुमचे," ती म्हणाली. "पाणी तापलंय. घ्या आंगावर."

हळदीच्या दिवसांत वसमतला पिवळ्या माणसाकडे कुणी वळूनही पाहत नाही. ग्यानोबाची सारी उमर हळदीला पॉलिश करण्यात गेली आणि सोजराबाईची त्याचे कपडे धुण्यात. तिने सदरा बादलीत बुडवला आणि ओले हात उजेडात धरले.

"माजे हात बी पिवळे दिसायलेत. डोळे बी."

"माझे कपडे धुतीस, मग काय लाल व्हतील?"

"अन् ही खाज?"

"धुराळा हाय. मला न्हाई का सुटत?" ग्यानोबाने लगेच दंड खाजवून दाखवला. ती हसली.

सोजराबाईचं दुखणं आतड्याचं. पण ते बेटं पोटात राहायलाच तयार नव्हतं. आधी गुडघे सुजले, मग डोळा लालभडक झाला, नडग्यांवर तांबड्या गाठी आल्या. ती आपली गुडघ्याला तेल चोळायची, डोळ्यात थेंब घालायची. शेवटी हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. हा सगळा एकच आजार. आतडं सुजतं तेव्हा त्याची झळ सांध्यांना, डोळ्यांना, कातडीलाही लागते. कधी यकृतालाही. डोळे पिवळे दिसले तर लगेच या, असं त्यांनी बजावलं होतं.

तोवर धीराने ऐकणारी सोजराबाई तिथे मात्र पांढरीफटक पडली. तिची थोरली बहीण मनकर्णा काविळीनेच गेली होती.

"गुडघे सोशीन, डोळा सोशीन," परतीच्या एसटीत ती ग्यानोबाला म्हणाली होती. "पण कावीळ झाली तर मला सांगू नका. मी भ्यानंच मरंन."

आता जेवताना तिला जुनं आठवलं.

"कनेरगाव नाक्याला हळद शिजवायला गेलो व्हतो, ध्यानात हाय का? येताना दोघं बी पिवळे. कंडक्टर म्हणला, नवं जोडपं दिसतंय, बसा म्होरं."

"अन् आपली लेक दीक्षा तुझ्या कडेवर."

"ती बी पिवळीच व्हती."

दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. फार चांगले दिवस होते ते. दिवसभर कढईपाशी उभं राहूनही तिचे पाय दुखत नसत, आणि मिळेल ती भाकर पोटात निमूट राहायची. ग्यानोबाला ते दिवस परत हवे होते, दुसरं काही नको होतं.

"परवा नांदेडला काहून जायाचं?" तिने विचारलं.

"गुडघ्यासाठी. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"बरं," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्यानोबा कापसाच्या गोदामावरची राखण संपवून निघाला. त्याचं पॉलिशचं काम कधीच आटोपलं होतं. गल्लीच्या तोंडाशी जलालुद्दीनचं किराणा दुकान होतं. तिथे त्याने रोजच्यासारखी हळदीची पुडी मागितली. दुकानामागे जाऊन ती सदऱ्याला, मानेला, कानांना चोळायची आणि मग घर गाठायचं. पिवळ्या डोळ्यांचं त्याने डॉक्टरीणबाईंना कळवलं होतं आणि त्यांनी यकृताच्या तपासणीसाठीच नांदेडला जायला सांगितलं होतं; पण तोवर सोजराबाईची भीती लांब ठेवायला त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं.

जलालुद्दीनने नेहमीचा डबा बाजूला सारला आणि वरच्या फळीवरची पुडी काढली.

"आजपासून ही घ्या, ग्यानोबाभाऊ. सोजराभाभी सकाळी सांगून गेल्या. म्हणल्या, ती डब्यातली हळद तुमच्या डोळ्याला लई झोंबती. अन् त्यांनी सांगितलं हे तुमाला कळू द्यायचं न्हाई म्हणल्या."