कोमल रिषभाचा पंप

दुकानदाराने बादलीत फिशटँकचा पंप सोडला आणि बटण दाबले. पाणी फिरू लागले. कुमुदताईंनी डोळे मिटून कान बादलीपाशी नेला, आणि त्यांचे पती गुप्ते श्वास रोखून उभे राहिले. जुन्या पंपाची घरघर बायकोच्या रियाजात घुसत होती. आज शांत पंप मिळाला नाही, तर त्यांचे सोनेरी मासे उद्या मेहुण्याकडे नांदायला जाणार होते.

"हा कोमल रिषभ," ताईंनी निकाल दिला. "माझ्या षड्जाच्या मांडीला मांडी लावून दिवसभर बसणार. नको."

"ताई, पंपाला आजवर कोणी गाणं विचारलं नव्हतं," म्हणत दुकानदाराने शेवटचा पंप सोडला. ताई बराच वेळ ऐकत राहिल्या.

"चालू करा की आता."

"चालूच आहे."

घरी तो पंप फिशटँकमध्ये बसवून गुप्त्यांनी माशांना दाणे घातले. ताईंनी तंबोरा घेतला, पण तारेवर टेकलेले बोट तिथेच थांबले. टँकमधून आवाज येत होता. टप. टप टप.

गुप्ते घाईने वाकून बघू लागले. मासे वर येऊन एकेक दाणा ओढत होते, आणि प्रत्येक घासाला तो इवलासा आवाज होत होता. इतकी वर्षे मासे पाळले, पण त्यांचे जेवण त्यांनी कधी ऐकलेच नव्हते.

ताई तंबोरा खाली ठेवून शेजारी येऊन बसल्या.

"अहो," त्या कुजबुजल्या, "अजून चार दाणे घाला ना."