जोडीदाराची पाठ

"शर्ट वर करा, मास्तर," न्हावी म्हणाला, तसे मास्तर निमूटपणे पाठमोरे बसले.

जंगलातल्या शिबिराचा तसा नियमच होता. संध्याकाळी तंबूत शिरण्याआधी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची पाठ, मान आणि कानांमागची जागा नीट तपासायची. फिके, अंगभर कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा, डासांचं मलम चोपडा, गवतातून न जाता पायवाटेच्या मधून चाला, सगळं खरं. पण गोचीड मेली नेमकी तिथेच चिकटते, जिथे आपली नजर पोचत नाही. शिबिर चालवणारे मास्तर हे उठता-बसता सांगत. लोक त्यांना पाठीमागे 'गोचीडमास्तर' म्हणत, हेही त्यांच्या कानावर आलं होतं.

म्हणोत बापडे. गेल्या वर्षी याच शिबिरातला एक तरुण गोचिडीच्या तापाने गेला होता. त्याला दवाखान्यात भेटायला जायचं मास्तरांना धैर्य झालं नव्हतं. पुन्हा तसं काही घडलं, तर शिबिर कायमचं बंद होईल आणि आपल्याला घास गोड लागणार नाही, एवढं त्यांना पक्कं कळत होतं.

न्हावी यंदाच आला होता. अबोल माणूस. पहिल्याच दिवशी त्याने मास्तरांची जोडी मागून घेतली. बाकीच्यांनी थट्टा केली, की मास्तरांची हजामत फुकटात होणार. तो हसला नाही. पण त्याची बोटं मानेवरून अशी सावकाश फिरत, की मास्तरांना पेंगच येई.

"साफ आहे," तो रोज म्हणे, आणि मास्तर मच्छरदाणीत शिरून निर्धास्त झोपत.

शिबिर संपत आलं तेव्हा मास्तरांना हुडहुडी भरली. डोकं ठणकू लागलं, उभंही राहवेना. न्हाव्यानेच त्यांना आधार देऊन गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी त्यांना पालथं झोपवून शर्ट वर केला. चिमट्याने त्यांनी काहीतरी हळूच ओढून काढलं.

"टम्म फुगलीय. ही काही आजची नाही," त्या म्हणाल्या. "तुमची पाठ कुणी तपासत नव्हतं का?"

मोठ्या दवाखान्याची गाडी बोलवायला त्या बाहेर धावल्या. मास्तरांनी कशीबशी मान वळवली. न्हावी उशाशी उभा होता.

"तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली होती."

"मग बोलला का नाहीत?"

न्हाव्याने मास्तरांचा शर्ट हलक्या हाताने खाली ओढला.

"गेल्या वर्षी माझ्या मुलाची पाठ तुम्हीच तपासत होता, मास्तर. शेवटपर्यंत तो हेच सांगत होता, की मास्तर म्हणालेत, साफ आहे."