खिडकीपुढची पहिली माणसं

"आजचे पास संपले," असं सांगून तिनं खिडकी ओढून घेतली.

बाहेर एक जोडपं उभंच राहिलं. फार लांबून आले होते. बाईनं विनवून पाहिलं, नवऱ्यानं मोठमोठ्या ओळखी सांगितल्या. तिनं दाद दिली नाही.

डोंगरावर रोज ठरावीक माणसंच सोडायची, हा नियम होऊन वर्ष झालं होतं. गर्दीनं वरच्या पायवाटा खचल्या होत्या, झऱ्याला गढूळ पाणी येत होतं. नियम कडक होता आणि ती त्याहून कडक.

तिला सलत होतं ते वेगळंच. रोज सकाळी खिडकी उघडली की पहिला उभा असे तिचा मामा. त्याच्यामागे मामी, न्हावी, मास्तर आणि मामाचे पत्त्यांच्या अड्ड्यावरचे दोस्त. पास फुकट मिळे, त्यावर नाव नसे. पास घेऊन मंडळी मुकाट्यानं निघून जात. गुडघे धरून चालणारी ही माणसं रोज डोंगर चढतात, हे कोणाला पटणार?

पायथ्याशी मामाचं लॉज होतं. नियम ठरला त्या सभेत तो टेबलावर हात आपटून म्हणाला होता, "हा आकडा मला मान्य नाही." आता लॉजच्या निम्म्या खोल्या रिकाम्या पडून असत. पोटावर पाय आला की माणूस काय वाट्टेल ते करतो, असं लोक म्हणत. मामा पास विकतो, असंही म्हणत.

दुपारी जेवताना तिनं आईला सांगून टाकलं, "आज साहेबांकडे तक्रार करणार आहे. आधी मामाला तोंडावर विचारते."

"बाप गेल्यावर त्यानंच तुला वाढवलंय," आई म्हणाली.

"म्हणून तर आधी विचारतेय."

ती तडक लॉजच्या स्वयंपाकघरात गेली. मामी बटाटे सोलत होती. मामा शेगडीपाशी बसला होता.

"मामा, पास कोणाला विकतोस?"

मामीची सुरी थांबली.

"विकतो म्हणून कोणी सांगितलं?" मामानं विचारलं.

"वर तर तू गेला नाहीस. तुझे दोस्तही बाहेर पत्ते कुटत बसलेत. मग पास गेले कुठे?" ती शेगडीसमोर येऊन उभी राहिली. "मामा आहेस म्हणून मी सोडणार नाही."

"सोडूही नकोस."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून पासांची जुडी काढली. सगळ्यांचे पास होते. त्यानं ती जुडी शेगडीत सरकवली आणि नीट पेट घेईपर्यंत चिमट्यानं दाबून धरली.



"तुम्ही ठरवलीत तेवढी माणसंसुद्धा त्या डोंगराला झेपत नाहीत, पोरी," तो म्हणाला. "मास्तर आजारी पडलेत. उद्या त्यांच्या जागी तुझ्या आईला रांगेत पाठव."