रविवारचं पाणी

"परत साडेनऊ!" न्याविरानं मीटरची कांडी पिंपातून काढून झटकली. "बाबा, ॲसिड घालायला विसरलात."

"विसरलो असेन, आई. वय झालं." गचांजा दारातल्या स्टुलावर बसून चहा फुंकत होते. थोरल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवायची त्यांच्याकडची रीत. म्हणून ते लेकीला ती पाळण्यात असल्यापासून आई म्हणत आणि आईशी वाद घालावा तसा तिच्याशी घालत.

"खताचा आकडाही चढलाय. दोनदा घातलंत?"

"घातलं असेन."

नैवाशातल्या बोअरच्या पाण्याचा सामू सव्वाआठ. ॲसिडनं तो सहापर्यंत उतरवल्याशिवाय ते झाडांना मानवत नाही. गचांजांनी तळ्याकाठच्या एका फुलबागेत सगळी नोकरी हेच केलं होतं: पाणी मापायचं, ॲसिड घालायचं, खत मिसळायचं, गुलाबांच्या वाफ्यांना सोडायचं. न्याविरा त्यांच्याच हाताखाली शिकली आणि आता दूर थिकाला तेच काम करत होती. तिची आई वारल्यापासून ती घरी नाताळाला यायची, तेवढीच.

मग ईस्टरच्या सुमारास त्यांचा फोन आला. "वाफ्यातल्या सुकुमाच्या भाजीची पानं पिवळी पडलीत गं. शिरा तेवढ्या हिरव्या. माझंच काहीतरी चुकतंय." तेव्हापासून ती दर रविवारी येत होती. पहाटेची मटाटू गाडी पकडायची, घाट उतरायचा, पिंपातलं पाणी नीट करायचं आणि दुपारनंतर परत फिरायचं.

तिनं पिंप आडवं केलं. तळाचा करडा गाळ हातानं पुसून काढला, पिंप घासलं आणि नवीन पाणी भरायला लावलं.

"मी शिकत होते तेव्हा आकडा जरासा चुकला तरी तुम्ही जेवायला देत नव्हतात."

"जेवायला देत होतो. मटण देत नव्हतो."

ती हसली. ॲसिडचे थेंब मोजत तिनं काठीनं पाणी ढवळलं.

"त्या मटाटूवाल्याच्या बायकोचं काय झालं?" गचांजांनी विचारलं. "मागच्या खेपेला दिवस भरत आले होते म्हणालीस."

"मुलगी झाली."

"मग त्याच्या आईचं नाव ठेवलं असेल. बिचारा. आता मरेपर्यंत बोलणी खाईल."

फोन वाजला. नैरोबीहून किनुथियाचा, धाकट्या भावाचा. ती बोलायला कुंपणापाशी गेली.

"किती आलं?"

"साडेनऊ."

"म्हणजे डोकं गेलंच त्यांचं. ज्या माणसानं आयुष्यभर हेच केलं तोच विसरतो म्हणजे बघ. डिसेंबरात मी त्यांना इकडे घेऊन येतो. तू अध्येमध्ये येऊ नकोस."

न्याविरानं फोन ठेवला. मागे वळून बघितलं तर बाबा तिच्याचकडे बघत होते. त्यांनी पटकन कपात तोंड घातलं.

दुपारी दोघांनी मक्याच्या पिठाची उगाली आणि वाफ्यातलाच पालक खाल्ला. मग ते तिला गाडीपर्यंत सोडायला आले. इस्त्रीचा शर्ट घालून, सुकुमाची जुडी बगलेत मारून.

"पुढच्या रविवारी?"

"पाणी बिघडलं तर."

"बिघडणारच," गचांजा म्हणाले. "मी काय आता सुधारतोय?"

त्याच आठवड्यात, बुधवारी, ते झोपेतच गेले.

अंत्यविधीला सगळी वस्ती आली. घरामागे, वाफ्यांच्या पलीकडे खड्डा खणला होता. पेटी फळ्यांवर ठेवली होती आणि माइक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होता. फुलबागेतले जुने मुकादम मुरेथी बोलायला उभे राहिले.

"आमचा गचांजा थेंबभर पाणी जिभेवर ठेवून सामू सांगायचा. मीटर चुकेल, हा चुकायचा नाही. आणि शेवटी बघा, त्याला घरचं पिंपसुद्धा सांभाळता आलं नाही. देवानं कोणावर अशी वेळ आणू नये."

लोक हळहळले. किनुथियानं मान खाली घातली.

"पोरांची नावंही विसरले होते म्हणे," न्याविराच्या मागे एक बाई पुटपुटली.

"तर काय! शर्ट उलटा घालून फिरायचे," दुसरी म्हणाली.

न्याविरा ऐकत राहिली. वस्तीतल्या कुणी त्यांना उलट्या शर्टात पाहिलं नव्हतं. पण पेटी खाली गेली की हेच मागे राहणार होतं: डोकं गेलेला म्हातारा, पाणी विसरलेला. तिच्याआधी अजून फार तर दोन माणसं बोलायची होती.

माइक तिच्याकडे आला. "थोडक्यात आटप," किनुथिया कुजबुजला. "लोक उन्हात आहेत."

ती उभी राहिली.

"बाबा काही विसरत नव्हते," ती म्हणाली. "इथलं पाणी सव्वाआठ. ॲसिड घालायला विसरलं तर ते सव्वाआठच राहतं. ते आपणहून साडेनऊ होत नाही. मुरेथीकाका, तुम्हीच सांगा, होतं?"

मुरेथींनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांची मान मध्येच थांबली.

"तेवढं चढवायला त्यात चुलीतली राख ओतावी लागते. बाबा शनिवारी ओतायचे. पहिल्याच रविवारी ती तळाशी माझ्या बोटांना लागली. मी पिंप घासून टाकलं आणि त्यांना म्हणाले, विसरलात."

किनुथियानं माइकसाठी हात पुढे केला. तिनं माइक सोडला नाही. ती लोकांकडे पाठ करून पेटीकडे वळली.

"बरं झालं ओतलीत, बाबा. पाणी चांगलं असतं तर मी आले नसते."