सुरईच्या बुडावरचं नाव

"काकू, हे कुणी केलं?" मी ओरडलोच. सुरई माझ्या हातात उलटी होती आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र बुडावर ताजी अक्षरं कोरलेली होती: कै. विश्वंभर रेगे.

"कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याने. स्टीलच्या डब्यावर घालतो तसं घातलं नाव. आधी नाहीच म्हणत होता, फुटेल म्हणाला." काकू शांतपणे मटार सोलत होती.

मी कपाळावर हात मारला. चीनमध्ये घडलेली, तीनशे वर्षांची सुरई! काकांनी तिच्यासाठी थेट कलकत्त्यापर्यंत हेलपाटे घातले होते. पुसायलासुद्धा त्यांनी ती कधी काकूच्या हातात दिली नाही. काका गेल्यावर संग्रहालयाने ती घ्यावी म्हणून मी आठ महिने अर्जविनंत्या केल्या. उद्या त्यांची माणसं न्यायला येणार होती, आणि आज हे!

"अगं, आता ते ढुंकून बघणार नाहीत तिच्याकडे. पार वाट लावलीस!"

"तूच म्हणालास ना, तिथे पाटीवर देणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत?"

"म्हणून कोरायचं?"

काकूने सुरई माझ्याकडून घेतली आणि उजेडात धरली. काकांच्या नावाशेजारीच झिजलेली चार चिनी अक्षरं होती. ते कुणा जुन्या मालकाचं नाव आहे आणि त्यामुळेच सुरई एवढी मोलाची, असं काका येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगायचे.

त्या अक्षरांवर बोट ठेवून काकू म्हणाली, "ह्याने कोरलं, तेव्हा त्याच्यावर कुणी असं ओरडलं होतं का रे?"