दोन खोल्यांतलं एकच गणित

दोन महिने मुलगा एका खोलीत आणि सून दुसऱ्या खोलीत. जेवताना मीठ मागण्यापुरतं बोलायचे, एकमेकांची चाहूल लागली की कागद पालथे घालायचे. संसार मोडला, असंच मी धरून चालले होते. आज दोघांनी कागद शेजारी शेजारी मांडले आणि हसत सुटले.

“मेसॉन नावाच्या जड कणावर हलका कण आदळला की काय होतं, त्याचं गणित होतं, आई,” सून म्हणाली. “एकाची चूक दुसऱ्यात उतरू नये म्हणून वेगवेगळं केलं. बोललो की तेच निघतं, म्हणून गप्प. उत्तर जुळलं.”

छातीवरचा धोंडा उतरला, पण तसं दाखवेन तर मी कसली.

“आधी सांगायला तोंड शिवलं होतं? घरात कुणाला ठेवायचं, तेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.”

“कुणाला?” मुलानं हसत विचारलं.

“तुझी बॅग भरून ठेवली आहे.”